पॉवरहाऊसमधली हाक

टर्बाइन काढून नेल्याला पंधरा-वीस वर्षं झाली होती, तरी साहेब तिच्या जागेला वळसा घालूनच जायचे.

मी तो हॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो पूर्ण रिकामा होता. वर कबुतरं, खाली त्यांची घाण, आणि उंच खिडक्यांतून येणारे उन्हाचे तिरके पट्टे. मला या टोकापासून त्या टोकापर्यंत माप घ्यायचं होतं. मी टेपचं एक टोक धरून सरळ मध्यातून निघाले. ते मात्र दुसरं टोक हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने, मग थोडं आत, मग पुन्हा बाहेर, असे, मध्ये कुणीतरी झोपलेलं असावं तसा मधला भाग टाळत गेले. टेप लोंबली, वाकडी झाली. माप अर्थातच चुकलं. फोरमन सोपान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्याडम, साहेबांना मशीन दिसतंय आजून. तुमी तेच्यातनं आरपार आलाव."

ते त्या पॉवरहाऊसमध्ये शिफ्ट इन्चार्ज होते, बंद पडलं त्या दिवसापर्यंत. नंतर इकडेतिकडे, कधी एखाद्या वर्कशॉपमध्ये, कधी कुणाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, अशी नोकरी केली. आता एका कंपनीने ती इमारत घेतली होती आणि तिथे ऑफिसं करायची ठरवली होती. टर्बाइन हॉलमध्ये कॉम्प्युटरवर बसणारी दीड-दोनशे माणसं, बॉयलर होता तिथे कँटीन, कंट्रोल रूममध्ये काचेची कॉन्फरन्स रूम. विजेच्या कामावर देखरेख करायला, इमारतीची माहिती असलेला माणूस म्हणून यांना घेतलं होतं. तात्पुरतं. उद्घाटन सुरळीत झालं तर कायमचं करू, असं कंपनीच्या मॅनेजरने तोंडी सांगितलं होतं.

मी पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या फर्ममध्ये नुकतीच लागले होते. घर शिरूरला, म्हणून दौंडची साइट माझ्याकडे आली. सकाळी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरायची, दिवसभर धूळ खायची, संध्याकाळी परत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायचो, पण साइटवरच्या वीस-पंचवीस पुरुषांसमोर मला कुठलीच भाषा यायची नाही. वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

आणि अशा मला त्यांनी पहिल्याच दिवशी ओरडायला सांगितलं.

त्यांची एक पद्धत होती. तिला सगळे नुसतं 'हाक' म्हणत. हॉलच्या खाली तळघरात पॅनलची खोली होती. तिथला मेन स्विच टाकायचा असेल, मग तो पाच मिनिटांच्या टेस्टिंगसाठी का असेना, ते खाली जायचे, जिन्याचं दार उघडं ठेवायचे आणि त्या दिवशी इमारतीत कामासाठी पाऊल टाकलेल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन हाक मारायचे. ज्याचं नाव, त्याने जिथे असेल तिथून ओरडायचं: "बाजूला!" म्हणजे माझा हात वायरीवर नाही, मी लांब उभा आहे. शेवटच्या माणसाची ओ आल्याशिवाय स्विच पडायचा नाही. नावं कुठे लिहिलेली नसत. सकाळी दारात उभे राहून ते कामावर येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचे, ओठ हलवून ते मनाशी पक्कं करायचे, झालं.

दुसऱ्याने सांगितलेलं चालायचं नाही. "साहेब, गणपत माझ्याशेजारी चा पितोय," असं कुणी म्हणालं की खालून आवाज यायचा, "गणपतला तोंड न्हाई का?"

सोपान धनगराचा. त्याचा आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. तो म्हणायचा, "साहेब, आमचा आजाबी रोज सांजच्याला मेंढरं अशीच बघायचा. पर मेंढरांनी कवा त्याला 'बाजूला हाय' म्हणलं न्हाई बगा."

"म्हणूनच लांडगा न्यायचा," ते म्हणायचे.

तेव्हा मोबाइल नवेनवे आले होते. सोपानने सुचवलं, सगळ्यांनी मिस्ड कॉल द्यायचा. त्यांनी फोन त्याच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हेच्यातला आवाज कुठूनबी येतो. तू ट्रेंचमधी पालथा पडून बोलशील, मला वाटंल तू स्टँडवर हायस. आवाज कुठनं आला ते कळाया पायजे."

माझा आवाज कुठूनच यायचा नाही, ही अडचण होती. पहिल्या दिवशी माझं नाव आलं तेव्हा मी "आहे" म्हटलं. मग "बाजूला आहे" म्हटलं. रंगारी रामबचन माझ्यापासून दहा हातांवर होता, त्याला ऐकू गेलं नाही. ते खालून पुन्हा पुन्हा माझं नाव घेत राहिले, दर वेळी आवाज जरा वर चढवत, आणि सगळे पुरुष हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिले. शेवटी मी तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी धावत गेले आणि तिथून सांगितलं. तेव्हापासून हाकेची वेळ झाली की मी आधीच जिन्यापाशी जाऊन उभी राहायची. दिवसातून दोनतीनदा.

ते प्रत्येक गोष्टीला आधी हाताची मागची बाजू लावायचे. दाराची मूठ, पत्र्याचं कपाट, चहाचा ग्लास, नळ. विजेच्या कामातली जुनी माणसं असं करतात, म्हणे. तळव्याने धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते, सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात झटकला जातो. पण ते हे लोकांनाही करायचे. सोपानचा मुलगा साइटवर आला होता, त्याच्या गालाला त्यांनी बोटांची मागची बाजू लावली आणि मगच गोंजारलं.

ते नेहमी बरोबर असत असं मात्र अजिबात नाही. पावसाळ्यात तळघरात कमरेइतकं पाणी भरेल, असं त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मॅनेजरने पंप मागवला. पंप कोरडाच राहिला. नव्या फॉल्स सीलिंगच्या वर उंदीर वायरी कुरतडून आग लावतील म्हणून त्यांनी चार ठिकाणी पिंजरे ठेवले, त्यांत एक कबूतर सापडलं. आणि चपलेचा दिवस तर सगळ्यांनाच पाठ होता.

केबलच्या चरापाशी एक चप्पल सापडली. पुरुषाची, डाव्या पायाची, अंगठा झिजलेला. त्यांनी ती हाताच्या मागच्या बाजूने हलवली आणि काम थांबवलं. "चप्पल हाय म्हंजी माणूस हाय."

हाक झाली. सगळ्यांनी ओ दिली. सगळ्यांच्या पायांत दोन-दोन चपला. पुन्हा हाक झाली. मग बॅटऱ्या घेऊन सगळ्यांनी चर पालथे घातले, छतावर गेले, जुन्या राखेच्या खड्ड्यात उतरले. रामबचन हळूच म्हणाला, "साहब, बिना आदमी का चप्पल भी होता है।" त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं आणि मलाही ती चप्पल बघवेना. त्या झिजलेल्या अंगठ्याचा माणूस मला दिसायला लागला. दुपार टळल्यावर रेल्वे लाइनीपलीकडच्या चाळीतले एक आजोबा एका पायात चप्पल घालून आले आणि विचारू लागले, आमचं कुत्रं इकडं काही घेऊन आलंय का.

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी आजोबांचं नाव विचारलं.

मला वाटायचं, यांच्या हातून कधीतरी काहीतरी झालं असणार. साइटवर तशा गोष्टी होत्याच. कुणी म्हणायचं, साहेबांनी स्विच टाकला आन् वर त्यांचा सख्खा भाऊ होता. कुणी म्हणायचं भाऊ नाही, मित्र. एकदा त्यांनी मला घरी जेवायला नेलं. दोन खोल्यांचं घर, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, समोर मेणबत्ती, अंगणात पेरू. वाटेत शेजाऱ्यांचे जयभीम घेत घेत आम्ही पोचलो. त्यांच्या बायकोला, काकूंना, मिक्सरवर चटणी वाटायची होती. त्यांनी आतून विचारलं, "अहो, बाजूला?"

"बाजूला!" ते बाहेरच्या ओट्यावरून म्हणाले.

"आन् पाव्हणी?"

मीही म्हटलं. मिक्सर सुरू झाला.

जेवताना मी बराच वेळ वाक्य जुळवून शेवटी विचारलंच, "सर, पूर्वी इथे कधी अपघात झाला होता का?"

"कवा?"

"म्हणजे... तुमच्या शिफ्टमध्ये."

"न्हाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "माझ्या शिफ्टला एक बोट भाजलं न्हाई कुणाचं. रिटायर होणाऱ्याला घड्याळ मिळायचं, छत कोसळताना कुणाला वाचवलं तर पेपरात फोटो यायचा. जे झालंच न्हाई, ते कुणाला दाखवू? लोकं म्हणत्यात, येडा हाय, उगं वरडतोय."

ते हात धुवायला उठले तेव्हा काकू मला हळू आवाजात म्हणाल्या, "तेवढं पक्कं होऊ दे गं पोरी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दारात काढली त्यांनी, तिथं कुणी हाका मारू दिल्या न्हाईत. रात्र रात्र जागायचे. आता त्याच जागी जायला मिळालंय तर झोप लागती. त्या म्यानेजरला काय पायजे ते करू दे, म्हणावं. उद्घाटनाचा एवढा एक दिवस गप ऱ्हावा म्हणावं."

मी मान हलवली. त्यांना गप्प राहायला मी काय सांगणार होते!

पण तेच काम माझ्यावर आलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅनेजरने मला बाजूला घेतलं. पुण्याचे, चाळिशीचे, सतत घड्याळ बघणारे गृहस्थ. "उद्या मोठे लोक येतायत. कंपनीचे चेअरमन, गावातले पुढारी. ते हाका-बिका प्रकरण नको. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कुणी ओरडायचं नाही. तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतात." मग जरा थांबून म्हणाले, "त्यांच्या नोकरीची ऑर्डर टाइप करून ठेवलीय मी. उद्या संध्याकाळी सही करणार आहे. समजावा त्यांना."

मी चहाच्या वेळी सांगितलं. ऑर्डरबद्दलही सांगितलं. ते ग्लासला हाताची मागची बाजू लावून ऐकत होते.

"बरं," ते म्हणाले.

त्या 'बरं'वर मी निर्धास्त झाले, इतकी मी त्यांना कमी ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी हॉल ओळखू येत नव्हता. झेंडूची तोरणं, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचे कपडे. स्टेजवर एक बटण बसवलं होतं. चेअरमन ते दाबणार आणि सगळे दिवे एकदम लागणार. त्याआधी खालचा मेन स्विच चढवावा लागणार होता. माइक तेवढा बाहेरच्या भाड्याच्या जनरेटरवर चालला होता. नारळ फुटला. मॅनेजरने जिन्याकडे पाहून रुमाल हलवला.

खालून हाक आली.

"सोपान!"

माइकशिवाय, तळघरातून, त्या अख्ख्या हॉलमध्ये ते नाव घुमलं. पहिल्या रांगेतल्या माना वळल्या. सोपान मॅनेजरच्या अगदी मागे उभा होता, नवा शर्ट घालून. मॅनेजरने मागे न पाहता हात आडवा केला. सोपानने मान खाली घातली.

"सोपान!"

कुणीतरी खाकरलं. चेअरमनने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजर हसले. "टेस्टिंग चाललंय, सर."

"सोपान!"

आवाजात राग नव्हता. तीच चपलेच्या दिवशीची भीती होती. मला ती ओळखू आली. ते खाली एकटे, हात स्विचजवळ, आणि वर कामावरची पंचवीस माणसं, ज्यांची नावं त्यांच्या डोक्यात आहेत आणि एकही ओ देत नाही. त्यांना काय काय दिसत असेल?

"साहब!" रामबचन एकदम मागच्या दारातून ओरडला. मॅनेजरचं मराठीतलं भाषण त्याला आदल्या दिवशी कळलंच नसावं. "साहब, हम तो बाजू में हैं! बाकी का मालूम नहीं!"

हॉलमध्ये हशा पिकला. त्या हशातच सोपानने तोंड उघडलं. "बाजूला हाय साहेब!" आणि मग एकेक नाव, एकेक ओ, गच्चीवरून, व्हरांड्यातून, कँटीनमधून, खुर्च्यांच्या मागून. पाहुण्यांना गंमत वाटायला लागली. मॅनेजरच्या कपाळावर घाम होता, पण तेही सुटल्यासारखे दिसत होते.

मग माझं नाव आलं.

मी हारांचं तबक घेऊन स्टेजच्या कडेला उभी होते. जिना लांब, मध्ये सगळी माणसं. मी "बाजूला" म्हटलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू मी त्यांना काही सांगितलं. खालून पुन्हा माझं नाव आलं.

"म्याडम हायेत साहेब!" सोपान ओरडला. "माझ्या म्होरंच हायेत!"

"तू नको सांगू!"

मॅनेजरने माइक काढून माझ्या तोंडाशी धरला. मी बोलले. चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून माझा आवाज आला, मलाच परका.

"ह्यो कर्ण्याचा आवाज हाय," ते खालून म्हणाले. "माणूस कुठं हाय?"

आता कुणी हसत नव्हतं. चेअरमनने घड्याळ पाहिलं. मॅनेजर दातांवर दात ठेवून म्हणाले, "जा. खाली जाऊन सांगा. आत्ता."

मी तबक ठेवलं आणि सगळ्यांसमोरून चालत गेले. जिना उतरले. ते पॅनलसमोर रबरी चटईवर उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "सर, मी आहे. बाजूला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाई पोरी. आता तू हितं हायस. पॅनलपाशी. तू कशी बाजूला?"

"पण सर—"

"वर जा. तिथनं सांग."

"सर, मला नाही जमत ओरडायला. सगळे थांबलेत. तुमची ऑर्डर..."

"ठावं हाय." ते पॅनलकडे वळले. "जा. मी थांबतो."

मी वर आले. मॅनेजरने भुवया उंचावल्या, झालं का? मी मान हलवली, नाही. दोनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. मी हॉलच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर उभी राहिले. खालून माझं नाव आलं, नेहमीच्या आवाजात, पहिल्यांदाच घेतल्यासारखं.

मी ओरडले. शब्द नीट आला की नाही मला माहीत नाही. छतावरची कबुतरं उडाली. पुढच्याच क्षणी खाली खट्ट आवाज झाला, चेअरमनने घाईघाईत बटण दाबलं आणि हॉल पांढराशुभ्र उजळला. टाळ्या वाजल्या.

ऑर्डरवर सही झाली नाही. मॅनेजर त्यांना वाईट काही बोलले नाहीत. किल्ल्या घेतल्या आणि म्हणाले, आता एक एजन्सी लावतोय, त्यांची मुलं असतील. साहेबांनी त्या मुलांची नावं विचारली. अजून ठरली नाहीत, असं मॅनेजर म्हणाले.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण चेअरमनना ते हाकांचं प्रकरण फार आवडलं होतं. पुण्यात ते चार ठिकाणी सांगत होते, असं कळलं. वर्षभराने इमारतीच्या वाढदिवसाचं आमंत्रण माझ्या फर्मला आलं. त्यात एक कार्यक्रम होता: 'पॉवरहाऊसची परंपरा'. साहेबांच्या हस्ते.

त्यांना शाल, नारळ दिला. ते नवा पांढरा शर्ट घालून स्टेजवर अवघडून उभे होते. खाली कॉम्प्युटरवरची मुलं-मुली, सगळी विशी-पंचविशीची, कुणी दौंडची, कुणी पाटसची, कुणी माझ्यासारखी लांबून येणारी. मॅनेजरने त्यांच्या हातात माइक दिला. "सर, तुम्ही नुसतं ओरडा, 'सगळे?' मग मुलं म्हणतील 'बाजूला!' मग केक कापू."

त्यांनी वर पाहिलं. सगळे दिवे लागलेले होते. ओळीने कॉम्प्युटर चालू होते.

"आधी बंद करा," ते म्हणाले.

"बंद नाही करता येत, सर. सर्व्हर आहेत. नुसतं बोलायचं आहे."

"चालू हाय, आन् ईचारू कसा?"

मॅनेजर हसले, मुलं हसली. ते हसले नाहीत. ते थोडा वेळ त्या मुलांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत राहिले. मग त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि स्टेजवरून उतरले. मॅनेजरने माइक उचलून स्वतःच विचारलं आणि मुलांनी एकसुरात, अगदी जोरात ओ दिली. खूप टाळ्या पडल्या.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. ऊन उतरत होतं. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं, पण बसले नाहीत.

"रातच्याला कोण असतं हितं?" त्यांनी विचारलं.

"वॉचमन असतो, सर. एकटाच."

"त्याला हाक कोण मारतं?"

फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वॉचमन बसला होता, नुकताच ड्यूटीवर आलेला, टोपी मांडीवर. ते सायकल हातात धरून त्याच्याकडे गेले आणि त्याला नाव विचारलं. तो गोंधळून उठला, नाव सांगितलं. त्यांचे ओठ हलले. मग एकदा आणखी हलले. मग ते सायकलवर बसले.